खुर्चीसह प्रवास : खांद्यापासून भाड्याच्या गाडीपर्यंत

श्रावणबाळाची कथा महाराष्ट्रांतील घरोघरीं सांगितली जाते. अंध व वृद्ध आईबापांस कावडींत बसवून, ती कावड खांद्यावर घेऊन तो तीर्थयात्रेस निघाला. या कथेंतील पुत्रभक्तीचें कौतुक आजवर पुष्कळ झालें आहे आणि तें यथायोग्यच आहे. परंतु कावडींत बसलेल्या त्या दोन जीवांची बाजू फारशी कोणीं विचारांत घेतलेली नाहीं. मुलाचा खांदा थकला कीं यात्रा थांबणार. मुलगा पाणी आणावयास गेला कीं वाटेंतच बसून राहावें लागणार. आणि मुलगाच नाहींसा झाला तर सारेंच संपणार. कथेचा शेवटहि तोच आहे. ज्याला स्वतःच्या पायांनीं चालतां येत नाहीं, त्याचा प्रवास दुसऱ्याच्या खांद्यावर अवलंबून असावा, ही शेंकडों वर्षांची रीत होती. ती रीत कशी पालटत गेली, आणि खुर्चीसह आंत घेणारी भाड्याची गाडी ही वरवर साधी दिसणारी वस्तु त्या पालटांत कोणत्या जागीं बसते, याचा इतिहास बोधप्रद आहे. त्या इतिहासाचें एक पुढचें पान सोलापूरजवळच्या चिंचोळीसारख्या औद्योगिक वसाहतींत लिहिलें जाण्याजोगें आहे, म्हणून तो मुळापासून पाहणें इष्ट होय.

पालखी, मेणा आणि डोली हीं आपलीं जुनीं वाहनें. संपन्न घरांतील आजारी किंवा वृद्ध माणसास मेण्यांतून नेत; डोंगरावरील तीर्थास जाणारा अशक्त यात्रेकरू डोली करी. म्हणजे भाडें देऊन प्रवास करण्याची सोय तेव्हांहि होती. पण तें भाडें गाडीचें नव्हतें, माणसाच्या खांद्याचें होतें. बसणाऱ्यास संकोच आणि वाहणाऱ्यास कष्ट, अशी ती दुहेरी अडचण होती. तिचा शेवटचा अवशेष महाराष्ट्रांत माथेरानच्या हातरिक्षांच्या रूपानें अगदीं परवांपर्यंत टिकून राहिला. मोटारीस बंदी असलेल्या त्या गिरिस्थानावर वृद्ध व अपंग पाहुण्यांस माणसेंच ओढून नेत असत. माणसानें माणसास ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांच्या आंत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें दिला. वाहणाऱ्याच्या मानुषतेचा विचार त्या आदेशांत झाला. बसणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा विचार ही त्याचीच दुसरी बाजू आहे.

युरोपांत हा दुसरा विचार प्रथम सुचला तो एका घड्याळजीस. जर्मनींतील न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गांवीं स्टेफान फार्फलर नांवाचा घड्याळें करणारा कारागीर राहत असे. तो स्वतः अपंग होता. १६५५ सालीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें तीन चाकांची एक खुर्ची तयार केली आणि घड्याळांतील दंतचक्रांच्या धर्तीवर ती हातानें मूठ फिरवून चालेल अशी योजना केली. बसणाऱ्यानें स्वतःच्या बळानें स्वतःस न्यावें, ही कल्पना त्या खुर्चींत प्रथम मूर्त झाली. पुढें अठराव्या शतकांत इंग्लंडांतील बाथ या शहरीं चाकाच्या खुर्चीचा धंदा भरभराटीस आला. तेथील उष्ण झऱ्यांच्या स्नानासाठीं दूरदूरचे रोगी येत, आणि जॉन डॉसन याच्यासारखे कारागीर त्यांच्यासाठीं खुर्च्या बनवीत. अशा खुर्च्या तेथें भाड्यानें मिळूं लागल्या. अशक्त माणसें जेथें मोठ्या संख्येनें एकत्र येतात, तेथेंच भाड्याच्या सोयीस धंद्याचें रूप येतें, हा धडा बाथच्या इतिहासांत आहे. आणि पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर या तिन्ही क्षेत्रांच्या मधोमध वसलेल्या सोलापुरानें तो विसरण्याजोगा नाहीं.

विसाव्या शतकांत मोटार आली आणि नवाच प्रश्न उभा राहिला. खुर्ची घरांत चाले, अंगणांत चाले. पण मोटारींत ती मावेना. अमेरिकेंतील हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाणकामाचा अभियंता खाणींतील अपघातांत पाठीचा कणा मोडून अपंग झाला होता. त्यानें व त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज यानें १९३३ च्या सुमारास पोलादी नळ्यांची, मधोमध दुमडणारी खुर्ची बनविली. घडी करून ती मोटारींत ठेवतां येऊं लागली. या शोधाचें महत्त्व मोठें आहे. आज इस्पितळांतून व रेल्वेच्या फलाटांवर दिसणाऱ्या बहुतेक खुर्च्या तिच्याच वंशांतील आहेत. तथापि एक उणीव त्यांत राहिली. खुर्चीची घडी झाली, पण माणसाची घडी होत नाहीं. त्याला खुर्चींतून उचलून मोटारीच्या आसनावर ठेवावयास, आणि मुक्कामीं पोंचल्यावर पुन्हां उचलून खुर्चींत बसवावयास, दोन धडधाकट माणसें लागतच राहिलीं. श्रावणाचा खांदा सुटला नाहीं; कावडीचें ओझें तेवढें कांहींसें हलकें झालें.

ही उणीव ज्यानें दूर केली, त्याची हकीकत औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांनीं मुद्दाम ऐकावी अशी आहे. अमेरिकेच्या इंडियाना प्रांतांतील विनामॅक या लहानशा गांवीं १९४० मध्यें राल्फ ब्राउन याचा जन्म झाला. स्नायू क्षीण होत जाण्याचा असाध्य विकार त्याला लहानपणींच जडला, आणि किशोरवयांत त्याचें चालणें थांबलें. तरीहि तो एका कारखान्यांत नोकरी करी, आणि स्वतः बनविलेल्या तीन चाकांच्या विजेच्या गाडीवरून कामावर जात असे. १९६६ च्या सुमारास तो कारखाना कांहीं मैल दूर हलविण्यांत आला. धडधाकट कामगारास ही गोष्ट थोड्या गैरसोयीची. ब्राउनच्या दृष्टीनें मात्र नोकरी राहणार कीं जाणार, हाच प्रश्न होता. त्यानें टपाल खात्याची एक जुनी जीपगाडी मिळविली, तिला खुर्चीसकट माणूस उचलून आंत घेणारा पाळणा बसविला, आणि हातानें चालवितां येतील अशा कळा लावून तो रोज कामावर जाऊं लागला. पुढें १९७० मध्यें मोठ्या बंद मोटारीस त्यानें तसाच पाळणा बसविला. त्याच्यासारख्याच अनेकांची मागणी येऊं लागली आणि त्यांतून १९७२ मध्यें त्याच्या नांवाची कंपनी उभी राहिली. येथें माणूस आपल्या खुर्चींतून न उठतां मोटारींत शिरला.

एक कारखाना कांहीं मैल हलला आणि त्यांतून एक नवा धंदा जन्मास आला. सोलापूरचें कामहि असेंच हललें आहे. १८७७ ची जुनी गिरणी, १८९८ ची नरसिंगगिरजी, १९०८ ची विष्णु, १९०९ ची लक्ष्मी या साऱ्या गिरण्या शहरांतच होत्या. भोंगा वाजला कीं कामगार पायीं चालत दारापाशीं पोंचे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या गिरण्या मालवल्या. दरम्यान १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली होती, आणि त्याच्या वसाहती शहरांच्या कडेस व त्यांच्याहि पलीकडे उभ्या राहूं लागल्या. चिंचोळीची वसाहत त्यांपैकींच एक. ती मोहोळ तालुक्यांत, पुण्याच्या हमरस्त्यावर, शहरापासून चांगल्याच अंतरावर आहे. तेथें रासायनिक द्रव्यें तयार होतात, आणि मोटारींच्या इंजिनांचे सुटे भागहि होतात. काम टिकलें, पण कामाची वाट लांबली. ज्याचे पाय चालतात त्याला दुचाकी आहे, कंपनीची बस आहे. अपघातानें वा आजारानें ज्याचे पाय गेले, त्याचें हात व बुद्धि यांवर चालणारें काम शाबूत असूनहि तें रस्त्याच्या दुसऱ्या टोंकास राहतें. पूर्वीं घर आणि गिरणी यांमध्यें एक उंबरठा होता. आतां एक हमरस्ता आहे.

ब्राउनसारखी गाडी प्रत्येकानें विकत घ्यावी हें शक्य नसतें. ती बनविणें खर्चाचें असतें, आणि पुष्कळांस ती रोज लागतहि नाहीं. या अडचणीस निरनिराळ्या देशांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. ब्रिटनमध्यें दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनें अपंगांस तीन चाकांची, एकाच माणसाच्या बसण्याची छोटी मोटार देण्यास आरंभ केला. देणगी म्हणून ती मोलाची होती. पण तींत बसणारा आपल्या पत्नीस किंवा मुलास शेजारीं घेऊं शकत नसे. फुकट मिळालेल्या वस्तूविषयीं तक्रार तरी कोणत्या तोंडानें करावी, हा पेंच त्यांत होताच. तिच्या धोकेबाजपणाविषयींहि ओरड वाढत गेली, आणि अखेर २००३ मध्यें त्या गाड्यांना रस्त्यावर येण्याची बंदी झाली. दरम्यान १९७६ मध्यें तेथील सरकारनें प्रवासासाठीं रोख भत्ता सुरू केला, आणि १९७७ मध्यें ‘मोटॅबिलिटी’ नांवाची संस्था निघाली. तो भत्ता संस्थेकडे वळता करावयाचा आणि त्याच्या बदल्यांत आपल्या सोयीची मोटार कराराच्या मुदतीपुरती भाड्यानें घ्यावयाची, अशी ती योजना होती. पैसा सरकारचाच, परंतु देणगी घेणारा माणूस तेथें गिऱ्हाईक झाला, आणि गिऱ्हाइकास निवड करतां येते, तक्रार करतां येते, नको असलेली वस्तु परत करतां येते.

अमेरिकेनें हाच प्रश्न व्यापाराच्या मार्गानें सोडविला. ‘व्हीलचेअर गेटअवेज’ ही पेढी १९८८ सालीं स्थापन झाली, आणि खुर्चीसह बसतां येईल अशा मोटारी एक दिवसासाठीं, आठवड्यासाठीं वा महिन्यासाठीं भाड्यानें देणें हाच तिचा व्यवसाय होता. तिनें वाढीसाठीं जी पद्धति स्वीकारली तिला फ्रँचायझी म्हणतात. ही पद्धति आपल्या परिचयाच्या एजन्सीहून थोडी वेगळी आहे. एजंट दुसऱ्याचा माल विकतो आणि दलाली घेतो. फ्रँचायझी घेणारा स्वतःचें भांडवल घालतो, स्वतःच्या गांवीं स्वतःचाच धंदा करतो. पण नांव, नियम, शिक्षण आणि गाडीची बांधणी मूळ पेढीची असते. त्याबद्दल तो प्रारंभीं एक रक्कम आणि पुढें उत्पन्नाचा कांहीं अंश तिला देतो.

या विशिष्ट धंद्यास हीच पद्धति कां मानवली, याचें कारण त्याच्या स्वरूपांत आहे. एका शहरांत अशी गाडी रोज मागणारीं गिऱ्हाइकें थोडीं. गाडी दारांत उभी राहिली कीं भांडवल खाते. परंतु एका शहरचा माणूस दुसऱ्या शहरीं लग्नास, औषधोपचारास वा देवदर्शनास जातो, तेव्हां त्याला तेथें तशीच गाडी हवी असते. ती मिळेल याची खात्री नसेल, तर तो घरून निघतच नाहीं. म्हणजे पुण्यांत गाडी असण्याचा लाभ सोलापुरांत गाडी असल्यावरच पुरता होतो. एकट्या दुकानदारास जी साखळी जमत नाहीं, ती एका नांवाखालीं अनेक गांवच्या लहान भांडवलवाल्यांना जमते. गाडीचे पट्टे सारखे, चालकाचें शिक्षण सारखें, दर सारखे. अनोळखी गांवांतहि प्रवाशाचा विश्वास बसतो तो या सारखेपणामुळें.

आपल्या देशांत हा विचार रुजण्यास वेळ लागला. २०११ च्या जनगणनेंत भारतांत २ कोटि ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकीं सुमारें ५४ लक्ष हालचालींतील अपंगत्वाच्या होत्या. महाराष्ट्रांतील एकूण अपंगांचा आंकडा २९ लक्ष ६३ हजारांचा होता. सरकारनें त्यांच्यासाठीं कांहींच केलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. कृत्रिम अवयव व साधनें बनविणारें निगम कानपूर येथें १९७२ मध्यें स्थापन झालें, शिबिरांतून खुर्च्या व तीनचाकी सायकली वांटल्या गेल्या, एस्. टी.च्या तिकिटांत सवलतहि मिळाली. परंतु खुर्ची घरांत आली तरी ती बसमध्यें चढली नाहीं. तिकीट स्वस्त झालें म्हणून बसची पायरी खालीं आली नाहीं.

कायद्याची भाषाहि सावकाशच बदलली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत अपंगांच्या गाडीची जी व्याख्या होती, तींत मुळापासून खास बांधलेल्या गाडीसच स्थान होतें. तयार गाडींत फेरफार करून घेतलेली गाडी तींत बसत नसे. २०१६ मध्यें अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला आणि वाहतुकीच्या सुगमतेचा त्यांत स्पष्ट उल्लेख आला. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांतहि मान्यतेनें फेरफार केलेल्या गाडीस मान्य स्थान दिलें. भाड्याच्या बाबतींत एक निराळीच भिंत होती. गाडी चालकाशिवाय भाड्यानें देण्याच्या १९८९ च्या योजनेंत, परवाना मागणाऱ्याजवळ निदान ५० गाड्या असाव्यात अशी अट घालण्यांत आली. मोठ्या पेढीस ही अट सोसते. एक-दोन खास गाड्या घेऊन आरंभ करूं पाहणाऱ्या माणसास ती दारांतच अडविते. त्यामुळें आपल्याकडे हा धंदा चालकासह टॅक्सीच्या रूपानें सुरू व्हावा हें स्वाभाविकच होतें. बंगळूर येथें २०१३ मध्यें ‘किकस्टार्ट कॅब्स’ या नांवानें अशी सेवा निघाली; पुढें कांहीं वर्षांनीं मुंबईंत ‘इझीमूव्ह’ ही सेवा आली.

मराठी मुलखांत या गोष्टीची मानसिक तयारी मात्र त्यापूर्वींच झाली होती, आणि तिचें श्रेय कोल्हापुरास आहे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालीं लुळ्या पडलेल्या नसीमा हुरजूक यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेहि चाकाच्या खुर्चीवर बसणारे; पण स्वतःचा उद्योग चालविणारे, आणि फेरफार केलेली मोटार स्वतः हांकणारे. असा माणूस प्रत्यक्ष पाहिल्यानें नसीमा हुरजूक यांच्या आयुष्यास वळण मिळालें. त्यांनीं नोकरी केली, १९८४ मध्यें ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली, आणि ‘चाकाची खुर्ची’ हें आत्मचरित्र लिहून ती खुर्ची मराठी वाचकांच्या घरांत नेऊन ठेविली. उपदेशाच्या शंभर भाषणांनीं जें झालें नसतें, तें एका मोटार हांकणाऱ्या माणसाच्या दर्शनानें झालें.

आतां चिंचोळीकडे वळावें. खुर्चीसह बसण्याची गाडी तयार करण्यास लागतें काय? मागील दार बसलेल्या माणसाचें डोकें न लागेल इतकें उंच हवें. परदेशीं तें सुमारें १४० सेंटिमीटर ठेवितात. त्यासाठीं गाडीचा तळ वीस-पंचवीस सेंटिमीटर खालीं घ्यावा लागतो. मागें दुमडणारी उतरती फळी लागते. ती फार उभी असूं नये, नाहीं तर ढकलणाऱ्याचा दम जातो आणि बसणाऱ्याचा जीव. आंत गेल्यावर खुर्ची चार कोंपऱ्यांस चार पट्ट्यांनीं तळाशीं जखडावी लागते, आणि माणसास त्याशिवाय वेगळा पट्टा लागतो. कारण गचका बसला असतां खुर्ची जागेवर राहून माणूस पुढें फेंकला जाऊं शकतो. यांत कापणें, जोडणें, वजनाचा तोल राखणें आणि तपासणी करून घेणें हें सारें कारखान्यांतील काम आहे. ज्या चिंचोळींत ‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’सारखा कारखाना इंजिनाचे दंड अतिशय बारीक मापानें घडवितो, ज्या कंपनीनें २०१८ मध्यें नेदरलँड्समधील विजेच्या गाड्यांचा उद्योग खरेदी करून पुढें जुन्या मालवाहू गाड्या विजेवर आणण्याच्या कामांत हात घातला, त्या परिसरास ही कला अवघड वाटण्याचें कारण नाहीं. उणीव हुन्नराची नाहीं.

गिऱ्हाइकाचीहि उणीव नाहीं, फक्त तें विखुरलेलें आहे. पंढरपूर सुमारें सत्तर किलोमीटर, अक्कलकोट व तुळजापूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर; रेल्वेनें सोलापुरास उतरणारा वृद्ध यात्रेकरू हा एक. दर आठवड्यास इस्पितळांत जावें लागणारा रुग्ण हा दुसरा. मंगल कार्यास नेण्याऐवजीं घरीं ठेविली जाणारी आजी ही तिसरी. आणि अपघातानंतर कामावर परत येऊं इच्छिणारा कामगार हा चौथा. पहिल्या तिघांची गरज अधूनमधून. चौथ्याची रोज सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या वेळीं, ठरलेल्या रस्त्यावर. व्यापारी दृष्टीनें पाहिलें तर हा चौथाच धंद्याचा कणा होय. वसाहतींतील कांहीं कारखान्यांनीं मिळून महिन्याच्या ठराविक भाड्यानें अशी एक गाडी बांधून घेतली, तर तिच्या पायावर उरलेल्या वेळांत यात्रेकरू, रुग्ण व आजी यांच्या फेऱ्या चालूं शकतील. गाडी रिकामी उभी राहण्याचा जो दोष या धंद्यास सर्वत्र भोंवला, त्याचें उत्तर औद्योगिक वसाहतीजवळ आहे, तें असें.

यावर कोणी म्हणेल कीं, ही सेवा एखाद्या धर्मादाय संस्थेनें फुकट कां चालवूं नये? चालवावी, त्यांत पुण्यच आहे. परंतु वर सांगितलेला इतिहास एक गोष्ट पुन्हां पुन्हां दाखवितो. फुकट गाडी देणाऱ्याच्या सवडीनें येते, भाड्याची गाडी घेणाऱ्याच्या वेळेवर येते. फुकट गाडींतून माणूस इस्पितळांत जातो. सिनेमास, मित्राकडे किंवा उगाच हवा खाण्यास जावयाचें असेल तर त्याची जीभ मागण्यास धजत नाहीं. भाडें देणाऱ्यास कारण सांगावें लागत नाहीं. कारण न सांगतां घराबाहेर पडण्याचा हा अधिकार चालणाऱ्या माणसास इतका सहज मिळालेला असतो, कीं तो अधिकार आहे हेंच त्याच्या ध्यानांत येत नाहीं. ज्याला तो नाहीं त्यालाच त्याची किंमत कळते. भाडें परवडावें म्हणून सरकारनें वा कारखान्यानें ब्रिटनच्या भत्त्याप्रमाणें हातभार अवश्य लावावा. पण तो पैसा प्रवाशाच्या हातांतून गाडीवाल्याकडे जावा, म्हणजे गाडीवाल्याचा धनी प्रवासीच राहील.

फार्फलरनें खुर्चीस चाकें दिलीं, एव्हरेस्टनें ती मोटारींत नेली, ब्राउननें खुर्चीसह माणूस मोटारींत नेला, आणि त्यानंतरच्या व्यापाऱ्यांनीं ती मोटार गांवोगांवीं भाड्यानें उभी केली. या चार पायऱ्यांपैकीं पहिल्या तीन अपंगत्व स्वतः भोगलेल्या माणसांनीं स्वतःच्या गरजेपोटीं बांधल्या. चौथी बांधण्यास मात्र चालणाऱ्यांचें भांडवल आणि हिशेबी डोकें लागलें. सोलापूरच्या माणसास हिशेब शिकवावा लागत नाहीं. श्रावणासारखा पुत्र लाभणें हें भाग्य खरें. परंतु प्रत्येकाच्या घरीं श्रावण असतोच असें नाहीं, आणि ज्यांच्या घरीं तो आहे त्या आईबापांसहि कधीं तरी वाटत असेल कीं, आज मुलास हांक मारूं नये, गाडीवाल्यास निरोप धाडावा, भाडें ठरवावें आणि आपल्या मर्जीनें चंद्रभागेच्या वाळवंटापर्यंत जाऊन यावें.